गाळ्यावर परतायच्या आधी

छातीतली कॅन्सरची गाठ काढून टाके निघाले की बायका भेटायला येतात, शहाळं ठेवतात आणि एक वाक्य हमखास बोलून जातात, "नशीब तुझं, छाती तरी वाचली!" वाक्य खोटं नाही. पण ते ऐकलं की पुढची तक्रार तोंडातच राहते. हात वर जात नाही, ब्लाउज एका बाजूला ढगळ पडतो, रात्री घाम फुटून जाग येते, नवरा पलंगाच्या कडेला सरकून झोपतो. सांगायचं कुणाला? वाचलीस ना, मग आता रड कसली! पोरी, हे मनावर घेऊ नकोस. वाचल्याचा आनंद खरा आणि दुखतंय तेही खरं. दोन्ही बोलायचं, आणि ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्यापाशी बोलायचं.

मी, तुझी आत्या, याच वाटेने गेले आहे. त्यानंतर फुलबाजारातल्या, भुसारातल्या, कांदा-बटाट्यातल्या कितीतरी जणींच्या फायली मी मांडीवर घेऊन बसले. त्यातून जे कळलं ते सांगते. यातलं काही तुझ्या डॉक्टरांच्या सांगण्याच्या आड आलं, तर डॉक्टरांचं ऐकायचं.

तुला सगळ्यात जास्त छळेल तो प्रश्न बहुतेक गावाकडून येईल. "गाठच काढली? सगळंच काढून टाकलं असतं तर कायमची पीडा गेली असती." रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच प्रश्न आपल्याच आवाजात ऐकू येतो, म्हणून उत्तर पाठ करून ठेव. सगळी छाती, तिच्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सारं काढून टाकायची रीत अमेरिकेतल्या हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने १८९४ मध्ये मांडली आणि पुढे पाऊणशे वर्षं जगभर तीच चालली. मग इटलीत मिलानला व्हेरोनेसी यांनी ७०१ बायका घेऊन आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून अठराशेच्या वर बायका घेऊन सगळी छाती काढणं आणि फक्त गाठ काढणं यांची समोरासमोर तुलना केली. दोघांचे वीस वर्षांचे हिशेब २००२ साली छापून आले. सगळी छाती काढलेल्या बायका आणि फक्त गाठ काढून किरणं घेतलेल्या बायका सारख्याच जगल्या होत्या. डॉक्टरांनी तुझी छाती राखली ती तपासून, मोजून. तुझ्यावर दया म्हणून नव्हे, आणि कामात कसूर म्हणून तर नव्हेच.

फिशर यांच्याच हिशेबात आणखी एक आकडा आहे, तो नातेवाइकांपेक्षा तुझ्यासाठी. किरणं न घेतलेल्यांपैकी साधारण ३९ टक्के जणींना त्याच छातीत पुन्हा गाठ आली. घेतलेल्यांत हेच प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास राहिलं. तेव्हा किरणं म्हणजे या ऑपरेशनचाच उरलेला अर्धा भाग समज. जखम भरली, बरं वाटतंय, आता लग्नसराई होऊन जाऊ दे मग बघू, असं चालत नाही. गावाकडच्या चुलत्याला आकडे नको असतील तर त्याला फुलातलं सांग. गुलछडीच्या जुडीतला सडलेला दांडा निघाला म्हणून आपण जुडी उकिरड्यावर टाकत नाही, पण बाकीच्या दांड्यांची काळजी घेतल्याशिवाय ती विकायलाही काढत नाही.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात 'मार्जिन' काय आलंय ते मात्र तोंडाने विचारून घे. काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या नाहीत, कडा स्वच्छ आहेत, हे एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की रात्रीचा तो आवाज पुष्कळ खाली येतो. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. पावसात टेम्पोच्या टपावर विसरलेली फाईल मी पाहिली आहे.

आता हात. आपल्या कामाच्या बायकांचं सगळं इथेच अडतं, त्यामुळे इथे जरा जास्त बोलते.

काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक बारीक नस दुखावते किंवा कापली जाते. तिथे बधिर वाटतं, कधी मुंग्या येतात, कधी आग होते. याचा अर्थ रोग परतला असा नाही. पुष्कळ जणींचं हळूहळू कमी होतं, काहींचं थोडं राहतं. बधिर जागेला भाजलेलं कळत नाही, तेवढं चुलीपाशी आणि तव्यापाशी ध्यानात ठेव. काखेतले केस काढायला वस्तरा फिरवू नकोस. काहींना काखेतून कोपरापर्यंत आत दोरी ताणल्यासारखं होतं आणि हात सरळ करवत नाही. घाबरून हात पोटाशी धरून बसलीस तर खांदा आखडेल. फिजिओथेरपीच्या ताईंना दाखव, व्यायामाने आणि हलक्या हाताने ती दोरी सुटते. काखेत पाणी साठून फुगवटा आला तर तोही दाखव, सुईने काढून देतात. घरी दाबत, शेकत बसायचं नाही.

खांदा लवकर मोकळा करायचं आणखी एक कारण आहे, ते आधी कुणी फारसं सांगत नाही. किरणं देताना हात डोक्यावर घेऊन स्थिर झोपावं लागतं. हात वर गेला नाही तर तिथे रोज कळा सोसाव्या लागतील, नाहीतर सुरुवातच लांबेल. जखमेतली नळी काढल्यावर डॉक्टर म्हणतील त्या दिवसापासून भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा आणि काल कुठवर पोचला तिथे पेन्सिलने खूण करायची. स्वतःची वेणी स्वतः घाल. सून घालून देते म्हणाली तरी नको म्हण.

गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, कधी काही महिन्यांनी तर कधी काही वर्षांनी. जितक्या जास्त गाठी काढल्या, काखेत किरणं दिली आणि वजन वाढलं, तितका धोका जास्त. एक-दोनच गाठी तपासायला काढल्या असतील तर तो बराच कमी असतो, म्हणून तुझ्या किती काढल्या ते विचारून ठेव. सूज हळूच येते. दोन्ही हातांत एकाच मापाच्या बांगड्या ठेव. एका हातातली अडायला लागली, ब्लाउजची एकच बाही घट्ट झाली, संध्याकाळी हात जड झाला, तर महिना बघू, दोन महिने बघू असं म्हणू नकोस. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही हात ठरलेल्या जागी मोज आणि कॅलेंडरवर लिही. लवकर दाखवलं तर दाबाची बाही, मालिश आणि व्यायाम यांवर आटोक्यात राहते.

आणि आपला धंदा! गुलाबाचे काटे, हार ओवायची सुई, दोरा कापायचं ब्लेड, गाळ्यातली ओली फरशी. दुसऱ्या कुणाला काटा टोचला तर ती बोट चोखून कामाला लागते. तुझ्या त्या हाताला टोचला तर तसं करायचं नाही. लगेच साबणाने धुवायचं, जंतुनाशक लावायचं आणि पट्टी बांधायची. गुलाब निवडताना त्या हातात जाड मोजा घाल. मोजा घालून बोटं चालत नाहीत, माल मागे पडतो, हे मला माहीत आहे. मग गुलाब दुसऱ्या कुणाकडे दे आणि तू शेवंती, झेंडू घे. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. सकाळचा बाजार आटोपून मग जाते, असं नाही. त्या हाताला अँटिबायोटिक वेळेवर मिळालं नाही तर सूज कायमची मागे लागू शकते. रक्त काढायला आणि बीपी मोजायला शक्यतो दुसरा हात पुढे कर.

वजनाच्या बाबतीत मात्र जुनं सांगणं बदललं आहे आणि माझ्या वयाच्या बायकांना ते पटवताना दमछाक होते. पूर्वी सांगायचे, त्या हाताने तांब्यासुद्धा उचलू नको, जन्मभर. तसं वागलेल्यांचे हात काटकुळे झाले आणि काम सुटलं ते वेगळंच. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका घेतल्या, त्यांतल्या निम्म्यांना शिकवणाऱ्याच्या नजरेखाली अगदी हलक्यापासून सुरू करून हळूहळू वाढतं वजन उचलायला लावलं आणि २००९ मध्ये निकाल छापला. सूज वाढली नाही. उलट ती अचानक भडकण्याचे प्रकार कमी झाले आणि ताकद वाढली. हळूहळू हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. पहिल्याच आठवड्यात झेंडूचं पोतं डोक्यावर घ्यायचा परवाना म्हणून हे वाचू नकोस. अर्ध्या किलोच्या पुडीपासून सुरू कर, दुसऱ्या दिवशी हात जड वाटला तर तिथेच थांब, नाही वाटला तर पुढच्या आठवड्यात थोडं वाढव. क्रेट एकटीने ओढायचा नाही, दुसऱ्या बाजूला कुणीतरी हवं.

लाज वाटते मदत मागायला? आपल्या याच पुण्याच्या मार्केट यार्डात हमालाच्या पाठीवर क्विंटलचं पोतं असायचं. ते पन्नास किलोवर आलं ते बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने लावून धरलं म्हणून. किती वजन उचलायचं हे उचलणाऱ्याने ठरवून सांगायचं असतं, हे आपल्या यार्डाला नवीन नाही.

किरणांचे दिवस साधारण असे जातात. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, बहुतेकींचे तीन आठवडे, कुणाचे पाच. मशीनखाली काही मिनिटंच असतात, जास्त वेळ जातो बाकड्यावर. आपला बाजार पहाटेचा, तेव्हा पहिल्याच दिवशी दुपारची वेळ मागून घे, नंतर बदलून मिळणं अवघड जातं. अंगावर काढलेल्या खुणा घासून पुसायच्या नाहीत. कोमट पाण्याने अंघोळ, मऊ कापडाने टिपायचं, चोळायचं नाही. कातडी तांबडी होते, मग काळवंडते, छातीखालच्या घडीत कधी सोलवटते. हळद, कोरफड, पावडर, अत्तर, शेजारणीच्या माहेरचा लेप, सगळं बाजूला. दवाखान्यातून दिलेलं मलम लावायचं आणि तेही कोणत्या वेळी ते विचारून. सैल, जुना, धुऊन मऊ झालेला सुती ब्लाउज या दिवसांत सोन्याच्या मोलाचा. थकवा शेवटच्या आठवड्यात जास्त जाणवतो आणि किरणं संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. सगळ्यांना वाटतं आता संपलं, लागली कामाला, आणि नेमकं तेव्हाच अंगात त्राण नसतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव.

थकव्यावर नुसतं पडून राहणं फारसं लागू पडत नाही, हे विचित्र आहे पण खरं आहे. रोज थोडं चालणं चालू ठेव. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० बायकांना घेऊन योगाचा अभ्यास केला आणि २०२२ मध्ये मांडला. नेहमीच्या उपचारांना योगाची जोड मिळालेल्यांना थकवा आणि वेदना कमी जाणवल्या. उपचारांना जोड हं, उपचारांऐवजी नाही. कुणी औषधं सोडून आसनंच करायला सांगितली तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

घरात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठणकावून सांग. हा रोग शिवल्याने होत नाही आणि बाहेरून दिलेली किरणं अंगात साठून राहत नाहीत. तुझं ताट-वाटी वेगळी काढायची नाही. नातवंडाला मांडीवर घे, उराशी धर, फक्त त्याचे पाय दुखऱ्या बाजूला लागणार नाहीत असं.

आता आरसा. ऑपरेशन झालेल्या बऱ्याच बायका महिनोन्महिने अंधारात कपडे बदलतात. मी म्हणते, ड्रेसिंग सुटलं की एकदा नीट बघून घे, दिवसाउजेडी, दार लावून. पहिल्यांदा वाईट वाटेल. पुढच्या वेळी कमी. ती छाती आधी सुजलेली असते, संध्याकाळी जड होते, मग किरणांनंतर हळूहळू आवळत, थोडी कडक होत जाते. तिचं शेवटचं रूप दिसायला वर्ष जातं, म्हणून महिन्याभरात निकाल देऊ नकोस. उघडं बघितल्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. आपला नवा आकार, वणाची कडा, कुठे टणक आणि कुठे मऊ हे हाताला पाठ झालं की पुढे खरोखर काही वेगळं लागलं तर कळतं.

ब्लाउजासाठी मापाची शिंपीण गाठ आणि तिला खरं सांग. पुढून हुकचा, काखेत शिवण जाड न येणारा, आतून सुती अस्तराचा. ज्या बाजूला खळगा पडलाय तिथे आतून मऊ कापडाची पातळ गादी शिवून मिळते. ब्रा तारेची नको. फरक मोठा असेल आणि मनाला टोचत असेल, तर ते "या वयात काय शोभा" म्हणून गिळू नकोस. दुसरी बाजू लहान करून जुळवता येते, पोटाची चरबी घेऊन खळगा भरता येतो. आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी आधीच विचारावं की गाठ काढताना आकारही सावरून देता का. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर प्रशांती कॅन्सर केअर मिशनमध्ये डॉ. कोप्पीकर आणि त्यांचे सहकारी अशाच शस्त्रक्रिया करत आले आहेत.

बायकांना समाधान वाटतं का, हे मोजायची प्रश्नावलीसुद्धा आहे. ब्रेस्ट-क्यू नाव तिचं, २००९ मध्ये अँड्रिया प्युसिक आणि त्यांच्या सोबतच्यांनी बनवलेली. कपडे घातल्यावर कशी दिसतेस, कपड्यांविना कशी दिसतेस, चारचौघांत बिचकतेस का, हात-छाती किती दुखते, नवरा-बायकोचं कसं चाललंय, असं विचारतात आणि शून्य ते शंभरात गुण काढतात. मला त्यातलं आवडलं ते हे की गुण डॉक्टर देत नाही, बाई देते. वण सुरेख आला की सर्जन खूश होतो, तो त्याचा निकाल झाला. तू तपासणीला जाशील तेव्हा हेच प्रश्न आदल्या रात्री स्वतःला विचार आणि जिथे उत्तर वाईट येईल तेवढं कागदावर लिहून ने. ओपीडीत रांग मोठी, डॉक्टरांना घाई. "कसं आहे?" विचारलं की आपण "बरंय" म्हणून उठतो. कागद असला की पहिली ओळ तरी वाचली जाते.

नवऱ्याचं बोलू का? आत्याने बोलायचं नाही म्हणतात, पण मग कोण बोलणार. तो लांब झोपतो तो बहुतेक भीतीने. हात लागला तर दुखेल, टाका उसवेल, काय माहीत. तू समजतेस, नकोशी झाले. दोघं गप्प, मध्ये उशी. त्याचा हात धरून दाखव, इथे दुखतं, इथे काही कळत नाही, इथे चालतं. आणि तुझीच इच्छा नसेल तर तेही सांग. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांमुळे कोरडेपणा येतो, दुखतं, त्यात तुझा दोष नाही. पाण्याचं जेल औषधाच्या दुकानात मिळतं. हार्मोनची मलमं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं सांग. एकदा भुसारातल्या एका बाईने एका दवाखान्यात हा प्रश्न काढला तर समोरचा हसला. ती उठून दुसरीकडे गेली आणि तिथे तिला उत्तर मिळालं. बरोबर केलं तिने.

या गोळ्या दिल्या असतील तर त्या पाच वर्षं, कुणाला दहा. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघतात, झोप मोडते. पाळी गेलेल्यांना लेट्रोझोलसारख्या गोळीने सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात. त्रास झाला की बायका गुपचूप दिवसाआड घेतात, मग बंद करतात. तसं नको, जाऊन सांग, बदलून देतात. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर गेलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचार, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. ज्यांचं ईएसआयचं कार्ड आहे त्यांना बिबवेवाडीचं रुग्णालय जवळ आहे, सुरुवात तिथून.

मन उतरतंच. पण पंधरा दिवस सलग जेवण जात नाही, फुलांकडे बघावंसं वाटत नाही, जगून काय करायचं असं येत राहिलं, तर ते मनाचं दुबळेपण म्हणून सोडून देऊ नकोस. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा फोन आहे, फुकट, मराठीत बोलतात. माझ्याकडे तर कधीही ये.

आणि वर्षाची मॅमोग्राफी. तपासणीच्या आधीचा आठवडा सगळ्यांनाच वाईट जातो, कितीही वर्षं झाली तरी. ऑपरेशनच्या जागी चरबी घट्ट होऊन गोळा लागू शकतो आणि तो कॅन्सर नसतो. पण ते ठरवायचं काम तुझं नाही आणि माझंही नाही, तू फक्त दाखवायचं. तारीख घेताना कॅलेंडर सोबत ने. गणपती आणि दसरा दोन्ही बाजारांच्या आठवड्यांत ती पडू देऊ नकोस, कारण तू ती हटकून चुकवशील. नंतरची देतो म्हणाले तर नको म्हण, आधीची माग, आणि निघताना रिपोर्ट कधी नि कुणाकडून घ्यायचा ते लिहून घे.